मेथीवाल्याचा सायलेन्सर

कर्कश गाड्यांची मला चीड आहे. रिसोडच्या गॅरेजात मी पंक्चर काढून घेत होतो, तेव्हा शेजारी एक म्हातारा आपल्या जुन्या मोटारसायकलला कुणाचा तरी वापरलेला, दणदणीत सायलेन्सर बसवून घेत होता. गळ्याला रुमाल गुंडाळलेला, मागच्या क्रेटात मेथीच्या जुड्या.

नळी बसेना, तसा मिस्त्री वैतागला. "काका, या वयात हे फटफट कायले पाह्यजे तुमाले?"

म्हातारा कुजबुजला, "घशाचं आपरेशन झालं बापा. आता वरडता येत नाई. भाजी आली हे बायाइले समजन कसं?"

मिस्त्रीने कानस घेऊन नळी पुन्हा घासली, बसवली, किक मारली.

म्हातारा गाडीवर बसला. सवयीने डावा तळहात तोंडाशी धरला, आणि उजव्या हाताने रेस दिली.