दादाची पहिली बिअर

काल ऑफिसच्या पार्टीत समोर आलेल्या बिअरला लिंबाच्या सालीचा आणि ओल्या कडब्याचा वास होता. त्या वासाने मला थेट पिंपळे गुरवच्या आमच्या गच्चीवर नेलं.

माझा मोठा भाऊ तेव्हा महाळुंग्याजवळच्या एका छोट्या कारखान्यात बिअर बनवायचा. जांभळाच्या सालीवरचं रानटी यीस्ट आणि बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची भरपूर फुलं घालून त्याने पहिल्यांदाच स्वतःच्या मनाची बिअर लावली होती. ती पिंपात आंबत असतानाच त्याला ताप आला. ताप उतरला, पण वास आणि चव दोन्ही गेले, ते कायमचे.

बिअर तयार झाली तेव्हा तो एक बाटली घरी, गच्चीवर घेऊन आला. स्वतः घोट घेतला आणि ग्लास माझ्यापुढे सरकवला.

"मला नुसतं गार लागतंय, सुमे. तू सांग."

"आधी कडू लागतंय," मी म्हणाले. "मग आंबट. मागून गोठ्यातल्या गवतासारखा वास येतोय."

"घाण?"

"नाही रे, छान."

"आणि जांभूळ?"

"आहे की. अगदी शेवटी."

तो डोळे मिटून ऐकत होता.

"म्हणजे जमली," तो म्हणाला. "पण आता सोडतो हे काम. चव कळत नसताना कशाच्या जोरावर करू?"

"येईल रे परत," म्हणत मी ग्लास संपवून टाकला.

दादा आता चाकणला गोदाम सांभाळतो. वाटतं, तो घोट मी आणखी थोडा वेळ तोंडात धरायला हवा होता. त्याला अजून काही सांगता आलं असतं.