दिगंबरभाऊंची मांडी

आता काय सांगू तुमाले, पोरगी द्याची म्हनलं का लोक घरदार पाहतेत, वावर पाहतेत. मी चिमटा घेऊन सोयरिक पक्की केली. हासा, पन चहा सांडू नका.

आदिलाबादजवळच्या मावला गावात माहं भाजीचं दुकान. पोती उचलू उचलू हर्निया झाला, आदिलाबादच्या एका दवाखान्यात ऑपरेशन केलं. कमरेत इंजेक्शन देलं अन् कमरेखालचा मी गायबच झालो. डॉक्टरीन बाई म्हने, डोकं उचलू नका, पाय संध्याकाळपर्यंत येतीन. येतीन म्हने, जसे बाजाराले गेले!

त्यातच मुधोळचे दिगंबरभाऊ मले पाहाले आले. त्यायच्या पोरासाठी आमच्या पूजाची बोलनी चालू होती. पोरगा सोन्यासारखा, पूजाच्या मनात भरलेला. पन बाप लय तापट, असं जो तो सांगे. अशा घरात माही लाडाची पोरगी कशी नांदन? हो म्हनाले मी भेऊन राह्यलो होतो.

थंडी त आमच्या आदिलाबादची! दात वाजत होते. बसाले खुर्ची नव्हती. भाऊ धोतर सावरून खाटेवरच, माह्या कमरेजवळ बसले अन् ब्लँकेटाचा कोपरा सोताच्या पायावर ओढला.

थोड्या वेळानं माहा हात ब्लँकेटात गेला, त हाताले एक मांडी लागली. जाडजूड, केसाळ, गरम. माही असती त मले समजलं नसतं का? म्हंजे भाऊंचीच! पोराच्या बापाच्या मांडीवर हात? मी झटकन मागं घेतला.

मग डोक्यात आलं, राग पाहाचा त हाच मोका. हळूच चिमटा घेतला. भाऊ कापसाचा भाव सांगून राह्यले. जोरात घेतला. भाऊ नुसते हासले. मग त नखं रुतवून असा पिळला, का वांगं असतं त फुटलं असतं. भाऊ शांत! लोक बी काहीही बोलतेत. एवढा सोशिक मानूस साऱ्या जिल्ह्यात नसन. माह्या डोळ्यात पानीच आलं.

"भाऊ," म्हनलं, "पूजा तुमची झाली."

भाऊंनी लगेच माहा हात धरला.

संध्याकाळी पाय आले, ते आग घेऊनच आले. पाह्यतो त माह्याच मांडीवर काळेनिळे डाग! डॉक्टरीन बाईले सांगतलं, त ते पोट धरून हासली. म्हने, त्या इंजेक्शननं नसा गप होतेत, पायाची खबर डोक्यापर्यंत पोचतच नाही. मंग सोताचा पाय बी परका वाटते.

लग्न झालं. भाऊ खरंच तापट निघाले, पन सुनेसमोर त्यायचा आवाज निघत नाही. पूजा खुशीत, मी बी खुशीत.

परवा त्यायच्या ओसरीवर बसलो होतो. इचारलं, "भाऊ, त्या दिवशी काहीच इचार न करता माहा हात काऊन धरला?"

भाऊ म्हनले, "इचार कायचा करता? ब्लँकेट कवाचंच सरकलं होतं. तुमी सोताच्याच मांडीले चिमटे घेऊन माह्याकडं हासून पाहून राह्यले होते. म्हनलं, या घरातून पोरीले लवकर सोडवा लागते."