तुम्ही आहातच

खरं नाव त्यांना होतंच, पण हजेरीच्या यंत्रापलीकडे ते कोणाच्या लक्षात नव्हतं. सगळं ऑफिस त्यांना तोंडावर काका म्हणायचं आणि पाठ वळली की थांबाराव. पाठीमागचं नाव माणसाला कळत नाही, अशी ऑफिसातल्या लोकांची एक गोड समजूत असते. थांबारावांना ते कधीच कळलं होतं आणि खरं सांगायचं तर फारसं वाईटही वाटलं नव्हतं.

कंपनी ऑपरेटिंग सिस्टिम बनवायची. म्हणजे कॉम्प्युटर सुरू केला की सगळ्यांत आधी जी जागी होते आणि मग बाकीच्यांना उठवून कामाला लावते, ती. थांबाराव तिथल्या तपासणी विभागाचे प्रमुख. विभाग म्हणजे मोडक्या मॉनिटरांच्या अडगळीला लागून असलेली एक खोली, त्यात ते स्वतः, आणि दुसऱ्या विभागात बदली मिळावी म्हणून कायम खटपटीत असलेले दोघं जण.

नवी आवृत्ती लोकांच्या हाती द्यायची की नाही हे ठरवायची या कंपनीची एक रीत होती. सगळे प्रमुख लांबलचक टेबलाभोवती बसत. साहेब विचारत आणि मग एकेकाने उभं राहून एकच शब्द बोलायचा, 'तयार' किंवा 'थांबा'. कारण द्यायचं नाही, कोणी विचारायचं नाही. पण एकाने जरी 'थांबा' म्हटलं तरी सगळं थांबायचं आणि तारीख पुढे जायची. अगदी साध्या माणसालाही मोठी चूक अडवता यावी, असा ही रीत घालून देणाऱ्या संस्थापकांचा हेतू होता. माणूस भला असणार, पण त्यांनी मीटिंगा फारशा पाहिल्या नसाव्यात.

कारण दाराजवळच्या खुर्चीत थांबाराव बसत आणि त्यांची पाळी सगळ्यांत शेवटी येई. त्यामुळे त्यांच्या आधीच्या प्रत्येकाला छाती पुढे काढून 'तयार' म्हणायची सोय झाली होती. ज्याचं काम जितकं कच्चं, त्याचा 'तयार' तितका खणखणीत. टेबलावरून तो शब्द असा गरगरत यायचा आणि शेवटी थांबाराव चष्मा पुसत उठायचे आणि म्हणायचे, "थांबा."

मग काय विचारता! कोणी कपाळावर हात मारायचं, कोणी फाइल आपटायचं. "या माणसामुळे आपण जगाच्या मागे पडलो," असं जाहिरात विभागाचे प्रमुख दर वेळी म्हणायचे आणि दर वेळी ते त्यांना नुकतंच सुचल्यासारखं वाटायचं. साहेब खिन्नपणे भिंतीवरच्या फळ्यावरची तारीख पुसायचे. पुसताना त्यांचा हात मात्र भारी हलका चालायचा.

यातली गोम मीटिंगच्या आदल्या दिवशी त्या अडगळीशेजारच्या खोलीत बसलं तर कळली असती. तिथे सकाळपासून रीघ लागायची. प्रत्येक जण एकटा यायचा आणि आत आल्यावर दार लोटून घ्यायचा.

"काका, छपाईवाल्याने घोळ घातलाय. जाहिराती वेळेत येत नाहीत," जाहिरातवाले सांगायचे. "आता मी कसं म्हणू थांबा म्हणून? पण तुम्ही आहातच."

"काका, मी वरच्या लोकांना तारीख देऊन बसलोय," खुद्द साहेब सांगायचे. "माझ्या तोंडून नकार बरा दिसत नाही. पण तुम्ही आहातच."

तुम्ही आहातच! हे दोन शब्द ऐकले की थांबारावांना आतून ऊब यायची. आपण नसतो तर या लोकांचं काय झालं असतं, असं मनाशी म्हणत ते पुन्हा चष्मा पुसायचे. हळूहळू त्यांनी फार तपासायचंही सोडून दिलं. कशाला तपासायचं? कुठे काय फुटकं आहे ते ज्याने त्याने स्वतः येऊन सांगून जायचं. तपासणी विभागाचा प्रमुख वर्षानुवर्षं फक्त दार उघडं ठेवून बसला होता, आणि त्याच्याइतकं बिनचूक काम कोणाचंच होत नव्हतं.

घरी मात्र ही ऊब पोचायची नाही. बायको शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, आणि शिक्षिकेच्या नजरेतून काही सुटत नाही. कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात एकदा पोरांनी नाटुकलं बसवलं होतं. घराला आग लागलेली, बंब येतो, आणि मिशा लावलेला थांबाराव पाण्याची नळी हातात धरून म्हणतो, "थांबा, आधी ही तपासू." सभागृह लोटपोट झालं. पहिल्या रांगेतले थांबारावही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. परत येताना बायको म्हणाली, "तुम्ही कशाला हसलात?"

"अगं, गंमत असते."

"ज्याची करतात त्याने पण हसायचं असतं का?" तिने विचारलं. थांबारावांनी उगाच गाडीचा आरसा सारखा केला.

निवृत्तीला थोडेच दिवस उरले असताना नवीकोरी सिस्टिम आली. नुसती नवी आवृत्ती नव्हे, पायापासून नवी. साहेबांनी जाहीर केलं की ती बाजारात आणण्याचा समारंभ आणि काकांचा निरोप समारंभ एकदमच करू. म्हणजे हार-तुऱ्यांचा खर्च वाचेल, असं ते म्हणाले नाहीत, पण सगळ्यांना ऐकू आलं.

थांबारावांनी ती सिस्टिम घरच्या लॅपटॉपवर घातली. त्या लॅपटॉपवर बायको काही दिवसांपासून लिहीत होती. काय लिहितेस, असं त्यांनी विचारलं नव्हतं. तिची बोटं चालतात आणि मशीन अडकत नाही, एवढं ते येता-जाता बघत. एके सकाळी दारावरची बेल वाजली म्हणून ती झाकण मिटून उठली. परत येऊन उघडलं तर पान कोरं.

"अहो, गेलं! सगळं गेलं हो!"

थांबाराव अर्ध्या दाढीचा फेस गालावर घेऊन धावत आले. स्क्रीन पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. "सापडला!" ते ओरडले. कित्येक वर्षांत त्यांना स्वतःला सापडलेला तो पहिला दोष होता. "झाकण मिटलंस तेव्हा बोट बटणावर होतं का? जोरात मिटलंस की हळू? बरं, आता पुन्हा काहीतरी लिही आणि तसंच मिटून दाखव."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते. "आईचं लिहीत होते मी," ती म्हणाली. "तिच्या शिवणाच्या वर्गाचं. शेवटच्या आजारापर्यंत आले होते."

"हो, पण हळू मिटलंस का जोरात?"

त्यानंतर ते ऑफिसला निघेपर्यंत स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला.

ऑफिसात गेल्या गेल्या थांबारावांनी सिस्टिममधल्या फायली सांभाळणाऱ्या विभागाच्या मुख्य बाईंना गाठलं. वयाने लहान, कामाला वाघीण. सगळे तिला फाइलवाली म्हणत.

"माहीत आहे, काका," ती मान खाली घालून म्हणाली. "लिहिणं चालू असताना झाकण मिटलं की पान जातं. दुरुस्त होईल, पण वेळ लागेल. मी आता थांबा म्हटलं तर सगळे म्हणतील, हिच्यामुळेच अडलं. म्हणून काही बोलत नाहीये. तुम्ही आहातच ना."

संध्याकाळी जेवताना थांबारावांनी हे बायकोला जरा फुशारकीनेच सांगितलं. तिने ताट बाजूला सारलं.

"माझं लिहिलेलं गेलं, ते मी पुन्हा लिहीन," ती म्हणाली. "पण तुमचं काय गेलंय ते तुमच्या लक्षात तरी आलंय का? हमाल आहात तुम्ही. दुसऱ्यांचे नकार वाहणारे हमाल. ओझं त्यांचं, पाठ तुमची, आणि वर नाटकातल्या मिशाही तुम्हालाच."

"अगं, पण मी थांबा म्हटलं नाही तर ही सिस्टिम लोकांच्या घरात जाईल. तुझं गेलं तसं कोणाकोणाचं जाईल."

"मग ज्यांना माहीत आहे ते बोलतील की! तोंडं आहेत ना त्यांना? एकदा तरी त्यांचं त्यांना बोलू द्या. निदान जाताना तरी ताठ मानेने या घरी."

थांबारावांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

मीटिंगच्या दिवशी टेबल नेहमीसारखं भरलं. कोपऱ्यात काकांसाठी आणलेला गुच्छ बादलीत ठेवला होता. 'तयार' निघाला. जाहिरातवाल्यांचा तयार, रंगरूपवाल्यांचा तयार, छपाईयंत्रं जोडणाऱ्यांचा तयार. फाइलवालीने टेबलाकडे बघत 'तयार' म्हटलं. साहेबांनी फळा पुसायचं फडकं आधीच हातात घेतलं होतं.

थांबाराव उठले. या खेपेला त्यांनी चष्मा पुसला नाही.

"तयार," ते म्हणाले.

टाळ्या पडायला हव्या होत्या. एकही पडली नाही.

"काका, मी काय विचारलं ते नीट ऐकलंत ना?" साहेब म्हणाले.

"ऐकलं."

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" जाहिरातवाल्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "घाई नाही हो. सावकाश विचार करा. इतकी मोठी सिस्टिम, एखादी गोष्ट राहिली असेल."

"काय राहिलंय?" थांबारावांनी विचारलं. "तुम्ही तर आत्ताच तयार म्हणालात."

"मी माझ्यापुरतं म्हणालो! मी तुमच्या दृष्टीने विचारतोय."

मग त्या खोलीत एक अजब वाद पेटला. सिस्टिम तयार नाही हे सगळे एकाच माणसाला पटवून देत होते, आणि तो एकटाच तयार असल्याचं सांगत होता. कोणाला आवाज मधेच तुटल्याचं आठवलं, कोणाला छपाई यंत्र उलटं पान काढत असल्याचं. घसा कोरडा होईस्तोवर बोलले, पण स्वतःचा 'तयार' मागे घ्यायला कोणी तयार होईना. शेवटी साहेबांनी फडकं खाली ठेवलं आणि तारीख पक्की करायला खडू उचलला.

कोणीतरी बोलेल, या एका भरवशावर थांबारावांनी आयुष्यातलं पहिलं खोटं या टेबलावर टाकलं होतं. खडू फळ्याला टेकला. कोण बोलणार?

"थांबा."

आवाज इतका बारीक होता की आधी कोणाला कळलंच नाही कुठून आला. फाइलवाली उभी होती. "झाकण मिटलं की पान जातं," ती म्हणाली. "कारण द्यायचं नसतं, माहीत आहे मला. तरी सांगते. चूक माझ्या विभागाची आहे."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. साहेबांनी असा सुस्कारा सोडला की खडूची भुकटी उडाली. आणि क्षणभरात, जीव जागेवर आल्या आल्या, सगळ्यांना राग आला. कोणी कपाळावर हात मारला. कोणी फाइल आपटली. "यांच्यामुळे आपण जगाच्या मागे पडलो," जाहिरातवाले म्हणाले, आणि ते त्यांना नुकतंच सुचलं होतं.

थांबाराव दाराबाहेर पडले. ओझं उतरलं होतं. आता ताठ मानेने घरी जायचं. तेवढ्यात मागे जाहिरातवाले फाइलवालीपाशी थांबलेले त्यांना दिसले. आवाज खाली आणून ते म्हणत होते, "बरं झालं हो. माझीही छपाई अडलीच होती. आता काका तर चालले, पण पुढच्या वेळी तुम्ही आहातच."

फाइलवाली कसनुसं हसली. ते हसू थांबारावांच्या ओळखीचं होतं. नाटुकल्याच्या पहिल्या रांगेत ते स्वतः असंच हसले होते. त्यांना मनस्वी लाज वाटली. ओझं उतरलं नव्हतं, फक्त पाठ बदलली होती.

ते परत आत गेले, तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "थांबा."

"आता कशाला, काका?" साहेब म्हणाले. "तारीख पुसलीय. नियमाप्रमाणे एक पुरतो."

"एक पुरतो म्हणून तर सगळं बिघडलं," थांबाराव म्हणाले. "माझ्याच घरात पान गेलंय. माझ्या बायकोचं. मघाशी मी खोटं बोललो. माझाही थांबा लिहा."

साहेबांना ते कुठे लिहायचं हे कळेना, कारण तशी जागाच कधी ठेवलेली नव्हती. त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात दोन 'थांबां'च्या दोन आडव्या रेघा ओढल्या. जाहिरातवाले घड्याळात बघत बाहेर पडले.

घरी बायको लॅपटॉपपुढे बसली होती.

"काय म्हणालात?"

"आधी तयार. मग थांबा."

"म्हणजे शेवटी तेच!"

"हो," थांबाराव म्हणाले. "पण आजचा माझा होता."

ती हलकेच हसली आणि जेवायला वाढायचं म्हणून उठता उठता झाकणाला हात घातला.

"थांब, मिटू नकोस," ते घाईने म्हणाले.

"केलंय हो जतन. दोन-दोनदा केलंय."

"त्यासाठी नाही." थांबारावांनी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसले. "तुझी आई शिवणाच्या वर्गात काय शिकवायची? वाच ना मला."