पेपरात नाव येणारच

ॲर्डिथ स्टँगेबद्दल आमच्या गावात दोन मतं कधीच नव्हती. ती सगळ्यांना सारखीच नकोशी होती, आणि तिच्याशिवाय कुणाचं लग्न व्हायचं नाही. काउंटीच्या कचेरीत लग्नाच्या परवान्यांची खिडकी तिची, शेजारची गाड्यांच्या नंबरप्लेटांची खिडकी माझी. मधे फक्त एक फळी. त्यामुळे गावातल्या निम्म्या नवरदेवांना बोलणी खाताना मी ऐकलंय, तेही फुकटात.

"दोघांनी एकत्र यायचं. ओळखपत्र आणायचं. आधीचं लग्न मोडलं असेल तर तारीख सांगायची," हे ती मान वर न करता म्हणायची. आता आमच्याकडचे पुरुष, मका कुठल्या साली गारपिटीत गेला ते वारासकट सांगतील, पण घटस्फोटाची तारीख विचारली की छताकडे बघत बसतात. "बायको कधी गेली ते आठवत नाही? मग का गेली ते मला कळलं," असं म्हणून ॲर्डिथ अर्ज परत सरकवायची.

जुनी लग्नं शोधायला येणाऱ्यांची तर आणखी तऱ्हा. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाहून कुणीतरी पणजोबांचं लग्न शोधत यायचं, डोळे पुसत. ॲर्डिथ दोन मिनिटांत जाड वही काढायची, बोट ठेवायची आणि म्हणायची, "लग्न मे महिन्यात. तुमचे आजोबा त्याच ऑगस्टमध्ये जन्मले म्हणालात ना? बरं." डोळे पुसणं तिथंच थांबायचं.

पण गाव तिला खरं घाबरायचं ते पेपरामुळे. आमचं साप्ताहिक गुरुवारी निघतं, आणि त्यात आठवड्यात दिलेल्या परवान्यांची नावं, वयं, गावं छापून येतात. माझ्या आजीच्या काळापासून. ती नावं ॲर्डिथ दर मंगळवारी फोनवरून सांगायची, एकेक अक्षर सुटं करून. किती जणांनी पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, 'एवढं आमचं गाळा' म्हणून! तिचं उत्तर ठरलेलं. "सार्वजनिक नोंद आहे. पेपरात नाव येणारच."

एमिल टेसार्शला पण तिनं हेच सांगितलं. एमिल म्हणजे ऐंशी पार केलेला, तीन शेतांचा मालक, बायको जाऊन खूप वर्षं झालेली. त्याला चर्चच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरणाऱ्या हॅरिएटशी लग्न करायचं होतं. "ॲर्डिथ, पोरांना आधी कळलं तर घोटाळा होईल गं. लग्न झाल्यावर मीच सांगतो त्यांना," तो टोपी हातात धरून म्हणाला. तिनं नाव पेपरात दिलं. शनिवारी त्याचे दोन्ही मुलगे वकिलाला घेऊन अंगणात हजर. हॅरिएट म्हणाली, "मला शेत नको होतं हो, जेवताना समोर कुणीतरी हवं होतं," आणि बहिणीकडे निघून गेली. परवाना एमिलच्या टेबलाच्या खणात राहिला. मी ॲर्डिथला म्हटलं, "बाई, एवढं एक नाव विसरली असतीस तर?" ती म्हणाली, "मी विसरत नाही." मला इतका राग आला की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

तिच्या घरी होता डेल्मर कुचेरा. सहकारी धान्यकोठारात काम करणारा, आडव्या अंगाचा, कमी बोलणारा माणूस. ती दोघं खूप वर्षांपूर्वी साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्सच्या डोंगरांत आठवडाभर जाऊन आली, ती नवराबायको म्हणूनच. गावानं टोस्टर भेट दिला, हिनं घेतला. आडनाव का बदललं नाहीस विचारलं तर म्हणायची, "माझ्या नावाचा शिक्का आहे. नवा करायला काउंटी खर्च देत नाही." हे सगळ्यांना पटलं. काउंटी खरंच देत नाही.

गेल्या वर्षी धान्यकोठार विकलं गेलं. डेल्मरची नोकरी गेली, नोकरीबरोबर विमा गेला, आणि नेमकं तेव्हाच डॉक्टरनं सांगितलं की हृदयाची झडप बदलायला हवी, लांबवण्यात अर्थ नाही. काउंटीच्या नोकरदारांच्या विम्यात नवरा बसतो, आणि विम्याचे कागद माझ्याकडे असतात. मी फळीवरून मान काढली. "ॲर्डिथ, तुझ्या लग्नाच्या दाखल्याची शिक्क्याची प्रत टाक इकडे. तुला काय, दोन मिनिटांचं काम."

तिनं शिक्का उचलला आणि पुन्हा तिथंच ठेवला.

"साउथ डकोटात झालं होतं ना? मी मागवू का?"

"डॉटी," ती म्हणाली, "दार लाव."

मी दार लावलं.

"झालंच नाही."

"काय झालं नाही?"

"लग्न, बाई, लग्न!"

मी खाली बसले. ती टेबलावरच्या शिक्क्याकडे बघत बोलत होती. तेव्हा तिची आई जिवंत होती, दुसऱ्या गावी, आपला पेपर टपालानं मागवणारी, पक्की कॅथलिक. डेल्मर घटस्फोटित, आणि असं लग्न त्यांच्या चर्चला चालत नाही. परवाना घेतला असता तर गुरुवारी आईनं वाचलं असतं. मग आई गेली, पण तोवर टोस्टरही जुना झाला होता. आता कुठल्या तोंडानं सांगणार?

"अगं मग आता कर! परवाने तुझ्याच खणात आहेत!"

"माझा परवाना मीच देऊ? माझ्याच सहीनं?" ती खेकसली. मग आवाज एकदम खाली आला. "नोरीनकडे जावं लागेल, डेल्मरला लांबचा प्रवास झेपणार नाही. पण शेजारच्या काउंटीची नावं पण आपल्याच पेपरात येतात. तिला सांगावं लागेल."

"काय सांगावं लागेल?"

"की गाळ."

नोरीन ब्लेझेक शेजारच्या काउंटीची परवानेवाली. तिनं कचेरीच्या बोळात, तिथंच न्यायाधीशासमोर लग्न लावणाऱ्यांसाठी, प्लास्टिकच्या गुलाबांची कमान उभी केली आहे आणि खिडकीत पेपरमिंटच्या गोळ्यांचं भांडं ठेवलं आहे. ॲर्डिथनं त्या कमानीविरुद्ध एकदा राज्याच्या राजधानीत तक्रार केली होती. लग्नाला साक्षीदार लागतात, म्हणून मला सोबत नेलं. गाडी मी चालवली. मागच्या सीटवर डेल्मर कोट घालून बसला होता, आणि माझ्या शेजारी ॲर्डिथ अशी, जणू तिचाच दात काढायचा आहे.

"अगंबाई! कोण आलंय हे!" नोरीन उठून उभी राहिली. "कमान उपटायला आलीस का?"

"तुमच्याकडे परवाना मागायला आलोय," ॲर्डिथ म्हणाली. तुमच्याकडे! वीस वर्षांची ओळख, आणि तुमच्याकडे.

नोरीननं एकदा दोघांकडे पाहिलं, काय समजायचं ते समजली आणि एक शब्द न बोलता अर्ज काढला. मात्र प्रश्न सगळे विचारले. आधीचं लग्न मोडल्याची तारीख विचारली तेव्हा डेल्मर छताकडे बघायला लागला. ॲर्डिथनं तारीख सांगितली.

"नवरदेवानं सांगायची असते," नोरीन गोड हसून म्हणाली.

"माझं सगळं तिच्याच लक्षात असतं," डेल्मर म्हणाला.

सह्या झाल्या. ॲर्डिथनं पर्सचा बंद घट्ट धरला. "एक विनंती आहे," ती म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. "पेपरात नाव नको. गावात सगळ्यांना वाटतं की आमचं... मला त्या खिडकीत बसायचंय अजून. हसतील लोक."

नोरीननं तिच्या हातावर हात ठेवला. "एवढंच ना? नाही देत. जो सांगेल त्याचं मी गाळते, नेहमीच. कधी पोरगी पोटुशी असते, कधी म्हाताऱ्याची पोरं जमिनीवर टपलेली असतात. मंगळवारी फोन आला की म्हणते, विसरले. पुढच्या आठवड्यात कोण विचारतंय?"

मी सुटकेचा निःश्वास टाकला. ॲर्डिथचं तोंड मात्र लालबुंद झालं.

"तू नावं गाळतेस? नेहमी? आणि कुणी काही म्हणत नाही?"

"अगं, नोंद वहीत असतेच की. फक्त पेपरात नसते. कुणाचं काय बिघडलं?"

ॲर्डिथनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता राजधानीत दुसरी तक्रार. पण तिनं पर्सचा बंद सोडला. मग म्हणाली, "कुणाचंच नाही ना बिघडलं." आणि जरा वेळानं, "एमिलनं पण मला हेच मागितलं होतं. टोपी हातात धरून. मी त्याला काय सांगितलं, डॉटीला विचार."

"तो विषय आता कशाला?" मी म्हटलं.

"मग माझं कसं गाळायचं? छाप, नोरीन. वयासकट छाप."

"माझं वय जरा कमी करता येईल का?" डेल्मरनं विचारलं.

"तू गप्प बस," ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून त्या प्लास्टिकच्या गुलाबांखाली जाऊन उभी राहिली.

गुरुवारी पेपर आला आणि गावाची दिवाळी झाली. ज्यांची गाडी वर्षानुवर्षं शेडमध्ये गंजत पडली आहे असे लोक नंबरप्लेट विचारायला आले, आणि माझ्याशी बोलता बोलता फळीपलीकडे डोकावून गेले. बेकरीवाल्या जेराल्डीननं टोस्टर परत मागितला. गंमत केली म्हणे. ॲर्डिथ ताठ बसून होती, "पुढचा कोण?" म्हणत. तिचे कान दिवसभर लाल होते. मला तिची दया आली, आणि तिची दया येईल असं मला जन्मात वाटलं नव्हतं.

डेल्मरचं ऑपरेशन नीट पार पडलं. त्यानंतर एका सकाळी एमिल आला. तो पेपर घडी करून त्याच्या खिशात होता. मला वाटलं, आता हा सगळं वसूल करून घेणार. घेतलं असतं तर मी टाळ्याच वाजवल्या असत्या.

"नवरा कसा आहे?" त्यानं विचारलं.

"बरा आहे."

"माझा तो परवाना चालेल का गं अजून? हॅरिएटशी बोललोय मी. येते म्हणते."

"वर्ष उलटलं. मुदत संपली," ॲर्डिथ म्हणाली. "नवीन घ्यावा लागेल."

"आणि पेपरात?"

"येणार. इथं घेतलात तर येणारच."

एमिलनं मान हलवली आणि टोपी घातली. तो दारापर्यंत गेला तेव्हा ॲर्डिथ खिडकीतून अर्धी बाहेर वाकून ओरडली, "एमिल! शेजारच्या काउंटीत जा. नोरीन ब्लेझेककडे. तिला काही लक्षात राहत नाही. म्हणावं, ॲर्डिथनं पाठवलंय."

त्यानंतरच्या गुरुवारी तिनं पेपर उघडला आणि ते पान दोनदा वाचलं. मग फळीवरून माझ्याकडे सरकवलं. शेजारच्या काउंटीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'या आठवड्यात एकही नाही.'

"बघितलंस?" ती म्हणाली. "ही नोरीन कामात अगदीच कच्ची आहे." आणि तो पेपर माझ्या हातातून काढून घेऊन, नीट घडी घालून, तिनं पर्समध्ये ठेवला.