कपाटाला टेकलेली खुर्ची

कुमुदताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते, आणि तास कोणता, तर त्यांचाच... संशोधन पद्धतींचा. मुलांना कसंबसं म्हटलं, "आज बस्स."

नागपूरच्या या बाईंनी लखनौच्या आमच्या समाजकार्य विभागात उभी हयात घालवली. मी त्यांच्या हाताखाली नवी शिक्षिका. संशोधनासाठी मुलाखत घेण्याआधी समोरच्या बाईला त्या सांगायच्या, "मन न हो तो मत बताइए." ती हो म्हणेपर्यंत रेकॉर्डर पिशवीतून बाहेर काढायचा नाही, हा दंडक. मला वाटायचं, काय बाई हे सोवळं!

मग चौक नावाच्या जुन्या मोहल्ल्यात चिकनचं भरतकाम करणाऱ्या एकीने आम्हाला घरातली मारहाण सांगितली, आणि कुठून कोण जाणे, तिच्या नवऱ्याला सुगावा लागला. तो थेट विभागात. "मेरी बीवी ने क्या कहा, सुनाइए!" तिचं बोलणं असलेला रेकॉर्डर ताईंच्या मागच्या कपाटात आणि मेलं कुलूप नेमकं बिघडलेलं! त्याने तो ऐकला असता तर तिची धडगत नव्हती. विभागप्रमुख दारातूनच कुजबुजले, "मैडम, सुना दीजिए, बात ख़त्म कीजिए." अस्सा राग आला मला त्यांचा! ताईंनी खुर्ची मागे सरकवली, कपाटाच्या दाराला टेकवली आणि म्हणाल्या, "भाईसाहब, यहाँ कौन आया, क्या बोला, हम किसी को नहीं बताते. आप आए थे, यह भी नहीं बताएँगे. बैठिए." तो टेबलावर हात आपटत राहिला. ताई हलल्या नाहीत. शेवटी शिव्या घालत तो गेला, तेव्हा मला म्हणाल्या, "अगं, पाणी दे." पाणी प्यायल्या आणि तशाच रिक्षाने चौकात गेल्या, तिला माहेरी पोचवूनच परतल्या.

कुलूप पुढे दुरुस्त झालं, पण खुर्ची तिथेच राहिली. आम्ही चिडवायचो, "ताई, आता तरी कपाट सोडा!" त्या नुसत्या हसायच्या.

गेल्या आठवड्यात ती भरतकाम करणारी बाई विभागात आली. ताईंची बातमी तिला माहेरी कळली होती. दारातच उभी राहिली, आत येईना. रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाली, "मैडम तो चली गईं... मेरी आवाज़ अब किसके पास है?"

तिचं रेकॉर्डिंग अजून त्याच कपाटात होतं. मी उठले, ताईंच्या खुर्चीत बसले आणि पाठ कपाटाला टेकवली.

तेव्हा कुठे ती आत आली.