जमनामाय डोंगर चढली

"बूट नवा शे का पाय नवा शे?"

जमनामायच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं वाक्य. कळसाडीजवळ कापसाच्या एका शेताच्या बांधावर माझा मित्र दत्तू पाय धरून बसला होता. सत्तावन्न सालच्या थंडीतली ही गोष्ट. नंदुरबारहून तोरणमाळपर्यंत पायी जायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. तापी होडीतून ओलांडली तोवर गाणी चालू होती. शहाद्याच्या बाजूला लागलो आणि दत्तूच्या टाचेचं कातडंच निघालं.

समोर पन्नाशीची, उंच, काटक बाई उभी होती. ओच्यात वेचलेला कापूस, डोक्यावरून पदर, आणि आवाज असा, की दोन शेतांपलीकडचा माणूस वळून पाहील.

"माय, थोडं पाणी मिळेल का?" मी विचारलं.

"पानी भेटी, जेवन बी भेटी. पहिले पाय दखाड." तिने दत्तूचा पाय सरळ मांडीवर घेतला. दत्तू लाजून मागे सरकला, तशी म्हणाली, "सरकू नको. वाटवर भेटना तो आपला मानूस."

हे वाक्य ती दिवसातून दहादा म्हणे. वाटेवरून जाणारा फेरीवाला असो की चुकलेली म्हैस, तिच्या हिशेबी सगळे आपलेच. तिने आम्हाला घरी नेलं. कढत पाण्याने टाच धुऊन हळद-तेलाची पट्टी बांधली, आणि दादर ज्वारीची भाकरी न् वांग्याचं भरीत इतकं वाढलं की आम्हाला उठवेना. ती विधवा होती. घरात धाकटा दीर, त्याची बायको आणि बरंच मोठं खटलं होतं.

जेवताना तिने विचारलं, "जाई कोठे ऱ्हायनात?"

"तोरणमाळला."

तिचा वाढता हात थांबला. अंगणातून सातपुडा निळा दिसत होता. त्याच्याकडे बघत ती म्हणाली, "मन्हा जलम गया हाऊ डोंगर देखामा. जत्राले घरना समदा मानसं जातस. आमना बैल बी जाई उनात. मी नही."

बैलही जाऊन आले, हे ऐकून बाकीचे हसले. ती हसली नाही.

सकाळी आम्ही निघायला उठलो, तर दारात गाडी जुंपलेली आणि कासरा जमनामायच्या हातात! भाकऱ्यांचं गाठोडं मागे ठेवलेलं. दीर दातात काडी धरून ओट्यावर उभा.

"वहिनी, हाई काय? अनोळखी पोरेससंगे कोठे चालनी?"

"याना पाय दुखस. पायथापावत सोडस. मंग वर बी जाई येस."

"गई ते परत येऊ नको!"

आमच्यापायी या बाईचं घर तुटणार की काय? मी म्हणालो, "माय, राहू द्या, आम्ही जाऊ हळूहळू." ती माझ्याकडे न बघता दिराला म्हणाली, "परत ते येसूच. दादर कोन कापी?" आणि तिने बैलांना हाक दिली.

काय तो प्रवास! ती प्रत्येक नाल्याचं नाव विचारी, समोरून येणाऱ्याला थांबवून "मी तोरणमाळले जाई ऱ्हायनू" असं सांगे. पायथ्याशी बारक्या नावाच्या पावरा आदिवासीची झोपडी होती. त्याने काही न विचारता बैल सोडून सावलीत बांधले. त्याची बायको मक्याच्या भाकरी भाजू लागली. ती पावरी बोले, जमनामाय अहिराणी. एकीचं दुसरीला कळेना, तरी दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होत्या.

चढावर मात्र दत्तूचा पाय पुन्हा भरून आला. "तुम्ही जा, मी इथेच बसतो," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. बारक्या वाट दाखवायला सोबत आला होता. तो दत्तूपुढे पाठ करून खाली बसला आणि खांद्यावर थाप मारून 'चढ' अशी खूण केली. दत्तू बारक्याच्या पाठीवर, पुढे जमनामाय लुगडं खोचून चढते आहे, मागे मी धापा टाकतो आहे, अशी आमची वरात वर पोचली.

वर मोठं तळं होतं. ते दिसताच ती गुडघ्यापर्यंत पाण्यात गेली, तोंडावर ओंजळ मारली. मग कड्याशी येऊन खालचं धुरकट सपाट रान न्याहाळत राहिली.

"मन्हं गाव कोठे?"

मी अंदाजाने बोट दाखवलं.

"एवढंसंच शे?" ती म्हणाली, आणि लहान मुलीसारखी टाळ्या पिटत हसत सुटली.

परतताना ती आम्हाला घेऊनच घरी गेली. दीर दारातच होता. त्याने पुढे होऊन बैल सोडले.

पुढे नोकरीमुळे माझं तिकडे जाणं राहिलं. सहा-सात वर्षांनी महाशिवरात्रीच्या जत्रेला तोरणमाळचा चढ चढत होतो, तर मागून ओळखीचा आवाज आला. बायकांची मोठी टोळी आणि सगळ्यांच्या पुढे जमनामाय! केस पांढरे झालेले, चाल तीच. तिने मला ओळखलं. पण गप्पांना उसंत कुठली? धापा टाकत मागे राहिलेल्या एका बाईला तिने माझ्यापुढे आणलं. ती तिची धाकटी जाऊ, त्याच दिराची बायको.

"भाऊ, हिना हात धर. चढाव शे." एवढं सांगून ती पुढच्या वळणाआड गेलीसुद्धा.

आमची तीच शेवटची भेट. जाऊबाई घाबरली होती. तिचा हात घामाने ओला झाला होता. तळं दिसेपर्यंत मी तो सोडला नाही.