सिस्टरची ओटी

मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला आहे. वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर फिरायचं, अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायचा आणि वासरू ओढून काढायचं, हे माझं काम. लोक डॉक्टरीणबाई म्हणतात. मी डॉक्टर नाही, पण ज्याची म्हैस अडली आहे त्याला हे समजावत बसायला वेळ कुणाला असतो? तर एक दिवस आमच्या मिशनच्या शाळेतून फोन आला, की सेवा आणि कर्तृत्वाबद्दल माजी विद्यार्थ्यांचा सत्कार आहे आणि त्यात तुम्ही आहात. मी एका शेळीला सलाईन लावत होते. "राँग नंबर," म्हणाले आणि फोन ठेवला.

पुन्हा फोन आला तो थेट फादरांचा. सेवेसाठी मी आणि कर्तृत्वासाठी माझ्याच वर्गातला एकजण, जो पानशेतला धरणाच्या काठी पुण्याच्या लोकांना बंगले बांधून विकतो. आमच्या शेळ्या जिथं चरायच्या तिथं आता त्याचे पोहण्याचे तलाव आहेत. कर्तृत्व आहेच, नाही कोण म्हणतंय?

आईला सांगितलं तर तिनं माझं कौतुक वगैरे काही केलं नाही. एकच विचारलं, "शिस्टरबाई हाईत का तितं अजून?"

"आहेत. पण त्याच दिवशी दुपारी निघणार आहेत. केरळात म्हाताऱ्या सिस्टरांचा आश्रम आहे, तिकडं पाठवतायत. कायमच्या."

आई म्हणाली, "मंग म्या येनार. मला त्यांची वटी भरायचीय."

ही सिस्टर आमच्या वेळी शाळेची मुख्याध्यापिका होती. वाडीवरच्या मुली बोर्डिंगला न्यायला ती डोंगर चढून आमच्या घरी आली होती. बाबा म्हणाले, पोरगी शाळेत गेली तर शेरडं कोण राखणार? सिस्टर शेळ्यांच्या वाड्यातच दगडावर बसली आणि म्हणाली, "तू हो म्हण, मग मी उठते." ती सगळ्यांना अरेतुरे करायची, तहसीलदारालाही. मराठी आमच्यात येऊन शिकलेली, त्यामुळं तिच्या तोंडी शेळीचा शेळा व्हायचा आणि रेड्याची रेडी. उन्हं उतरली तरी बाई हलेना. शेवटी एका बोकडानं तिच्या डोक्यावरचं फडकं ओढून खायला घेतलं, तेव्हा बाबांनाच लाज वाटली आणि ते हो म्हणाले.

तेव्हापासून आईच्या मनात होतं, या बाईला काहीतरी द्यायचं. पण सिस्टर म्हणजे पक्की चिवट. या लोकांनी शपथ घेतलेली असते, स्वतःचं म्हणून काही ठेवायचं नाही. आईनं कोंबडा नेला, तो बोर्डिंगच्या कालवणात गेला आणि साठ पोरींनी चाटूनपुसून खाल्ला. तूप नेलं, तेही भातावर सगळ्यांच्या. एकदा चांगला इरकली खण नेला. नाताळच्या नाटकात तो एका राजाच्या डोक्याला बांधलेला आईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. घरी येईपर्यंत ती त्या राजाला शिव्या घालत होती. राजा मीच झाले होते.

आईनं ओटीच का काढली, ते आता लक्षात येईल. ओटीचा नारळ जिचा तिनंच खायचा असतो, दुसऱ्याला द्यायचा नसतो. म्हणजे एवढी एकच वस्तू, जी सिस्टरला सगळ्यांच्या पातेल्यात टाकता येणार नव्हती. माझी आई शाळेत गेली नसली तरी डाव टाकण्यात कुणाला हार जाणारी नाही.

"आई, ओटी सवाष्णीची भरतात," मी म्हणाले. "त्या कुमारिका आहेत."

"अंगठी हाय की बोटात. तूच म्हनली व्हतीस, येशूशी लगीन झालंय म्हनून."

"ते तसं म्हणतात."

"मंग सवाष्णच की. देव काय मरतो व्हय?"

"मेले होते, आई. तिसऱ्या दिवशी उठले."

"मंग झालं तर," आई म्हणाली.

खरी अडचण निराळीच होती. बाबा गेल्यापासून आईनं कुणाची ओटी भरलेली नाही. आमच्या वाडीत नवरा नसलेल्या बाईनं ओटी भरायची नसते. हा कायदा कुणी केला ठाऊक नाही, पण मोडायला कुणी जात नाही. मी माहेरी येऊन परत निघाले की आई शेजारच्या काकीला हाक मारते. काकी येते, आईच्याच डब्यातले तांदूळ आईच्याच सुपातून माझ्या पदरात घालते, आणि आई तेवढा वेळ तोंड फिरवून शेळ्यांकडं बघत उभी राहते. याचा मला दर खेपेला संताप येतो आणि दर खेपेला मी पदर पसरते.

"म्हनून तू भरायचीस," आईनं ठरवून टाकलं. "सामान माझं, हात तुजा."

मी नाही म्हणाले. फादर काय म्हणतील, बाकीच्या सिस्टर काय म्हणतील, हळदीकुंकू चर्चच्या आवारात चालतं का, एक ना दोन. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. आईनं ऐकून घेतलं आणि सत्काराच्या दिवशी पिशवी घेऊन माझ्या जीपमध्ये बसली. पिशवीत तांदूळ, हळकुंड, सुपारी, नवा खण आणि नारळ. नारळ तिनं बाजारात दहा नारळ कानाशी हलवून निवडला होता. वाडीपासून भोरच्या शाळेपर्यंत मांडीवरची पिशवी तिनं खाली ठेवली नाही.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. फ्लेक्सवर माझा फोटो होता, आधार कार्डावरचा, ताणून भिंतीएवढा केलेला. लहान पोरं लांबूनच बघून पळत होती. स्टेजच्या पायऱ्या गुडघ्यांना झेपत नाहीत म्हणून सिस्टर खाली पहिल्या रांगेत बसली होती. आई तिच्यामागच्या खुर्चीत. मांडवाबाहेर सिस्टरची गाडी, डिकीत एकच छोटी बॅग. पुण्याहून रेल्वे पकडायची होती, म्हणून ड्रायव्हर सारखा मोबाईलमध्ये वेळ बघत होता. कार्यक्रम आटोपला की लगेच निघायचं ठरलं होतं.

पण आमच्याकडं सत्कार आटोपत नसतो. आधी सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. मग जागा देणाऱ्यांचा, मांडव देणाऱ्यांचा, आजी सरपंचांचा, माजी सरपंचांचा, आणि दोघांची नावं घेतल्यावर जे रुसले त्यांचा. नमनालाच घडाभर तेल. फेटे बांधणारा एकच होता आणि डोकी संपत नव्हती. माझ्याही डोक्याला त्यानं फेटा गुंडाळला, वर तुरा खोचला. मग कर्तृत्व बोलायला उभं राहिलं. सिस्टरांच्या छडीनं मला घडवलं, असं म्हणून त्यानं सुरुवात केली आणि बंगल्यांच्या तिसऱ्या टप्प्याच्या बुकिंगपर्यंत आला. छडी कमी पडली, एवढंच मला वाटलं.

स्टेजवरून मला दिसत होतं. ड्रायव्हर सिस्टरच्या कानाशी वाकला. सिस्टरनं मान हलवली आणि खुर्चीचे दांडे धरून उठू लागली. दोन तरुण सिस्टर तिला धरून मांडवाबाहेर नेऊ लागल्या. आई उठली आणि पिशवी छातीशी धरून त्यांच्यामागं चार पावलं गेली. मग थांबली. तिनं वळून स्टेजकडं, माझ्याकडं बघितलं. बोलावलं नाही, हात केला नाही. नुसतं बघितलं.

त्याच वेळी माझं नाव पुकारलं. माझ्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. प्रमुख पाहुण्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि माईकवर सांगितलं, "हे हात म्हणजे देवाचे हात आहेत." पहाटे हा हात कुठं होता ते मी त्यांना सांगितलं नाही. ते ट्रॉफीवरची अक्षरं वाचायला लागले, 'मुक्या प्राण्यांची सेवा'. माझ्याकडं येणारी एकही म्हैस आजवर मुकी नव्हती. फोटोवाला म्हणाला, मॅडम जरा इकडं बघा, आणि बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"साहेब, ट्रॉफी धरून ठेवा," मी म्हणाले, आणि शाल, फेटा, नारळासकट स्टेजवरून उडी मारली.

मांडवातून धावताना लोक बाजूला होत होते. त्यांना वाटलं असणार, कुणाची तरी गाय अडली. मी गाडीच्या पुढं जाऊन बॉनेटवर हात आपटला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी त्याला जे बोलले ते चर्चच्या आवारात बोलायचं नसतं. माझ्यामागून फादर पळत आले होते. ते तरुण आहेत, वसईचे. त्यांनी काही न विचारता खिडकीतून हात घालून गाडीची किल्ली काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

"काय झाला?" सिस्टरनं आतून विचारलं.

"सिस्टर, आईला तुमची ओटी भरायची आहे," मी म्हणाले. इतके दिवस जे म्हणायची लाज वाटत होती ते एका दमात बाहेर पडलं, आणि काहीही झालं नाही. आभाळ होतं तिथंच होतं.

"मला काही नको. एक बॅग आहे फक्त."

आई दारापाशी आली. "ही कुनाला देता येत न्हाई, शिस्टरबाई. वटी हाय. जिची तिनंच खायाची."

सिस्टर तिच्याकडं बघत राहिली. मग तिचं पोट हलायला लागलं. ती हसत होती. "कोंबडी दिला, तूप दिला. आता पकडलं मला," ती म्हणाली आणि पाय बाहेर काढून सीटवर आडवी बसली.

आता पुढचा पेच. सिस्टरच्या अंगात पांढरा झगा, पायघोळ. पदरच नाही. ओटी घ्यायची कशात? तरुण सिस्टर रुमाल शोधायला लागल्या. मी खांद्यावरची सत्काराची शाल काढली, सिस्टरच्या डोक्यावरून पांघरली आणि एक टोक तिच्या दोन्ही हातांत पसरून दिलं. मग आईच्या पिशवीतला नारळ उचलला.

"तू नको," सिस्टर म्हणाली. "ती भरेल."

आई मागं सरकली. "न्हाई, शिस्टरबाई. मला चालत न्हाई. मालक गेल्यालं हाईत."

"कुठं गेला?"

आई गोंधळली. तिनं आभाळाकडं बोट केलं.

सिस्टरनं शालीतून हात वर काढला. अंगठी आता बोटाला सैल झाली होती, म्हणून तिनं ती अंगठ्यानं दाबून धरली. "माझा नवरा पण वरच आहे," ती म्हणाली. "तुझा वर, माझा वर. आपण दोघी सारखं. भर लवकर, रेल्वे जाईल."

आईनं भरली. आधी खण, त्यावर नारळ, हळकुंड, सुपारी, मग ओंजळीनं तांदूळ, एकदा, दोनदा, आणखी. थोडे खाली सांडले. सिस्टरनं शालीतले चार दाणे उचलून आईच्या पिशवीत परत टाकले. भरणारीला चार दाणे परत द्यायचे असतात, हे तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. इतकी वर्षं आमच्या गावांतून फिरली, बघितलं असेल कुठंतरी. आई वाकून पाया पडायला गेली तर सिस्टरनं तिचं डोकं धरलं आणि कपाळावर बोटानं क्रूस काढला. मी रडले. फेट्याचा शेमला हाताशी होता, त्यालाच डोळे पुसले.

गाडी गेली ती शालीसकट. फादरांनी ट्रॉफी माझ्या जीपमध्ये आणून ठेवली आणि म्हणाले, फोटो राहिला तुमचा. म्हटलं, राहू दे, फ्लेक्सवर आहे तेवढा पुरे.

वाडीवर पोचलो तेव्हा शेळ्या घरी येत होत्या. मी चहा घेतला आणि निघते म्हणाले. जीपचा आवाज ऐकून शेजारची काकी सवयीनं हात पुसत आलीच होती. ओसरीवरच्या सुपाकडं तिचा हात गेला.

"ऱ्हाऊ दे गं," आई तिला म्हणाली. "माज्या लेकीची म्या भरते."

काकी तिथंच उभी राहिली. आईनं डब्यातले तांदूळ सुपात काढले आणि इकडं तिकडं बघायला लागली. नारळ नव्हता. चांगला होता तो केरळला चालला होता. मग तिची नजर मी ओसरीवर ठेवलेल्या सत्काराच्या नारळावर गेली. तिनं तो घेतला, कानाशी धरून हलवला आणि तोंड वाकडं केलं.

"पानी न्हाई ह्यात."

"चालतंय, आई."

"व्हय, चालतंय," ती म्हणाली. "पदर पसर."